विकाऊ घराची सजावट पंचेचाळीस हजारांत: डोंबिवलीतील एका सेवेचे परीक्षण

डोंबिवली पूर्वेला, १९९० च्या दशकात बांधलेल्या आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर माझ्या मावशीची वन बीएचके सदनिका होती. मावशी नाशिकला मुलाकडे कायमची राहायला गेल्यानंतर ती बरेच दिवस बंद राहिली आणि शेवटी विकायचे ठरले. विक्रीपूर्वी घर नीटनेटके करून, दाखवण्याजोगे मांडून देण्याचे काम आम्ही ठाणे-कल्याण पट्ट्यात काम करणाऱ्या दोघीजणींच्या एका छोट्या सेवेला दिले. या परीक्षणात त्यांच्याविषयी एक गंभीर तक्रारही आहे, म्हणून सेवेचे नाव देत नाही. कामातील प्रत्येक भागाला किती पैसे गेले आणि त्यातील कोणते कारणी लागले, हे कळले तर अशा कोणत्याही सेवेशी बोलताना वाचकांना त्याचा उपयोग होईल.

त्यांच्याकडे कामाचे तीन प्रकार होते. पहिल्यात त्या घरी येऊन पाहणी करतात आणि काय काढावे, काय दुरुस्त करावे, काय आहे तसेच ठेवावे याची लेखी यादी देतात. दुसऱ्यात ती यादी अमलात आणण्यासाठी माणसे लावणे, कामावर देखरेख ठेवणे आणि शेवटी छायाचित्रे काढणे हे सर्व येते. तिसऱ्यात याशिवाय सोफा, पलंग, गालिचा, चित्रे, कृत्रिम झाडे असा सरंजाम महिन्याच्या भाड्याने मिळतो. आमची मर्यादा पंचेचाळीस हजारांची होती आणि तीत रंगकामही बसवायचे होते. म्हणून आम्ही दुसरा प्रकार निवडला आणि भाड्याच्या सामानातील मोजक्याच वस्तू घेतल्या.

एक मुद्दा आधी स्पष्ट करतो, कारण पुढचे सर्व मूल्यमापन त्याच्यावर आधारलेले आहे. आपल्याकडे जुनी सदनिका पाहायला येणारा माणूस घराच्या सौंदर्यावर भाळून किंमत वाढवून देत नाही. त्या भागातला चौरस फुटाचा दर त्याला ठाऊक असतो, शेजारच्या इमारतीतील व्यवहार कितीला झाला हे एजंटाने त्याला सांगितलेले असते, आणि तो घरात शिरतो तो किंमत कमी करण्याची कारणे शोधतच. भिंतीचे पोपडे, गंजलेला नळ, न लागणारी कडी, ओट्याखालचा कुबट वास ही प्रत्येक गोष्ट त्याच्या हातातले घासाघिशीचे साधन असते, आणि दुरुस्तीला दोन हजार लागतील अशा दोषापोटी तो निःसंकोचपणे पन्नास हजार उतरवून मागतो. त्यामुळे हात आखडता असताना सजावटीवर खर्च करायचा, तर ही कारणे एकेक करून काढून घेण्यावर करावा. या कसोटीवर सेवेचा पहिला अर्धा भाग उत्तम उतरला आणि दुसरा अर्धा जेमतेम.

सर्वांत मोलाची ठरली ती यादी. दोघींनी घरातले एकेक दार उघडून-मिटून पाहिले, प्रत्येक बटण दाबले, फ्लश ओढला, आणि माळ्यावर चढून तिथे काय भरले आहे तेही बघितले. माळ्यावर वापरात नसलेली पत्र्याची पिंपे, दोन ट्रंका, मिक्सरचे रिकामे खोके आणि कित्येक वर्षांच्या दिवाळी अंकांचे गठ्ठे होते. खरेदीदार माळ्यावर चढत नाही, पण खालून मान वर करून पाहतो, आणि माळा गच्च भरलेला दिसला की या घरात सामान ठेवायला जागा नाही असाच अर्थ काढतो. त्यांच्या सांगण्यावरून माळा पूर्ण रिकामा केला, बाल्कनीच्या ग्रिलमध्ये साठलेल्या फुटक्या कुंड्या काढल्या आणि कपाटांतील निम्मे कप्पे मोकळे ठेवले. रद्दी आणि भंगार विकून थोडे पैसे उलट हातात आले. मावशीची पितळी भांडी मात्र मी हट्टाने नाशिकला पाठवली, कारण ती भंगाराच्या भावाने देणे मला पटले नाही. घर मोठे दिसण्यासाठी केलेल्या सर्व उपायांत हा सर्वांत स्वस्त होता आणि परिणामही याचाच सर्वाधिक झाला.

सफाईचे कामही चोख झाले. स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंख्यावरचा तेलाचा चिकट थर, ओट्यामागील फरशांच्या सांध्यांतील काळेपणा, न्हाणीघरातील नळांवरचे क्षारांचे पांढरे डाग हे सगळे गेले. सांध्यांत पांढरे सिमेंट नव्याने भरले, सिंकच्या कडेचे जुने सिलिकॉन खरवडून नवे लावले आणि दारांच्या बिजागऱ्यांना तेल दिले. जमीन मोझेकची आहे हे पाहून त्यांच्या माणसाने तिथे ॲसिडची बाटली उघडलीच नाही, हे विशेष नमूद करावेसे वाटते. मोझेकमध्ये सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे असतात. शौचकूप स्वच्छ करण्याच्या ॲसिडयुक्त द्रवाने दोन्ही झिजतात आणि जमीन कायमची निस्तेज होते. सौम्य साबणाचे पाणी आणि घासणी एवढ्यावर त्याने जमीन जितकी उजळता येईल तितकी उजळली. यंत्राने पॉलिश करून घेण्याचा विचार मीच सोडून दिला, कारण त्याचा राडा आणि खर्च दोन्ही आमच्या आवाक्याबाहेरचे होते आणि नवा मालक व्हिट्रिफाइड फरशी बसवणार हे जवळजवळ ठरलेलेच असते.

आता तक्रारीविषयी. शयनकक्षाच्या एका भिंतीवर छतालगत ओल होती, कारण तिच्या वर चौथ्या मजल्यावरचे न्हाणीघर येते. यादीत या ओलीपुढे दोन पर्याय लिहिले होते: वॉलपेपर चिकटवणे किंवा भिंतीच्या वरच्या भागाला पीव्हीसीचे पॅनेल लावणे. दोन्ही पर्याय दिसायला छान, कामाला झटपट आणि खर्चाला बेताचे होते. मी दोन्ही नाकारले. त्यातले व्यावहारिक कारण असे की ओल्या गिलाव्यावर वॉलपेपर फार काळ टिकत नाही. कडा सुटतात, मागे बुरशी धरते, आणि दार उघडताच येणारा वास कोणत्याही उदबत्तीने झाकत नाही. पण दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे आणि या व्यवसायातील माणसांनी ते जाणून घेतलेच पाहिजे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, वेगळा करार नसेल तर, विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही असा मालमत्तेतील महत्त्वाचा दोष खरेदीदाराला सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तो न सांगणे हे त्याच कलमात कपटाचे मानले आहे. उघडी ओल कोणालाही दिसते, म्हणून तिच्याबाबतीत हा प्रश्न फारसा येत नाही. ती मुद्दाम पॅनेलमागे लपवली की मात्र दिसणारा दोष न दिसणारा होतो आणि जबाबदारी विक्रेत्यावर येते. मावशीच्या वयाच्या बाईला घर विकून झाल्यावर वकिलाची नोटीस यावी, असा हा सल्ला होता. मी हे बोलून दाखवल्यावर दोघींनी वाद घातला नाही, परंतु ‘सगळे असेच करतात’ हे त्यांचे उत्तर समाधानकारक नव्हते.

शेवटी जे केले त्यात सेवेचा काहीही वाटा नव्हता, तरी इतरांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक नळांची गळती दुरुस्त करणे हे गृहनिर्माण संस्थेचे काम असते, पण वरच्या सदनिकेच्या न्हाणीघरातून झिरपणाऱ्या पाण्यासाठी त्या सभासदाशीच बोलावे लागते. वरच्या काकूंचे आणि मावशीचे संबंध चांगले असल्याने ते सोपे गेले. प्लंबरने त्यांच्याकडची नहाणी ट्रॅप, म्हणजे न्हाणीघराच्या जमिनीतील सांडपाणी वाहून जाण्याची जोडणी, बदलली आणि फरशांचे सांधे इपॉक्सीने भरले, आणि खर्च आम्ही अर्धा-अर्धा वाटून घेतला. त्यानंतर आमच्याकडचा फुगलेला गिलावा खरवडून भिंत उघडी ठेवली, ती वाळल्याची खात्री झाल्यावरच पुट्टी आणि रंग दिला, आणि प्लंबरची पावती घराच्या कागदपत्रांत ठेवली. घर पाहायला येणाऱ्याला ती भिंत आम्ही आपणहून दाखवत असू.

रंगकामाबाबत सेवेचा सल्ला रास्त होता. संपूर्ण घर रंगवण्याचा आग्रह न धरता त्यांनी हॉल, स्वयंपाकघर आणि मुख्य दार एवढेच घेतले, शयनकक्षात फक्त दुरुस्त केलेली भिंत आणि तिच्या लगतची भिंत घेतली, आणि महागडा रंग न सुचवता साध्या ट्रॅक्टर इमल्शनवर भागवले. डिस्टेंपर याहून स्वस्त पडते, पण त्याला हात लावला की पांढरी भुकटी बोटांना लागते आणि खरेदीदार भिंतीला हात लावतोच. रंगाची छटा निवडताना मावशीचा आवडता मोरपंखी रंग जाऊन फिकट दुधाळ रंग आला, याचे तिला वाईट वाटले. घर छोटे आणि खिडक्या एकाच बाजूला असताना दुसरा पर्याय नव्हता.

दिव्यांचे काम थोडक्यात सांगता येईल. जुन्या पट्ट्या काढून वीस वॅटच्या एलईडी पट्ट्या लावल्या, आणि ६५०० केल्विनच्या निळसर प्रकाशाऐवजी ४००० केल्विनचा मध्यम प्रकाश निवडला, त्यामुळे दुधाळ रंग दवाखान्यासारखा न दिसता घरासारखा दिसला. पिवळी पडलेली जुनी बटणे बदलली. जाड पडदे काढून पातळ पांढरे लावले. हे पडदे सेवेने ज्या दरात दिले, त्याच्या जवळपास निम्म्या दरात तसेच कापड उल्हासनगरच्या जपानी बाजारात मिळाले असते. शिवणावळ धरूनही फरक पडला असता.

भाड्याचे सामान हा या सेवेतील सर्वांत कमकुवत भाग. पूर्ण रिकामे घर दाखवू नये हे त्यांचे म्हणणे मला पटते, कारण रिकाम्या खोलीत पलंग बसेल की नाही याचा अंदाज बहुतेकांना येत नाही आणि नजर सरळ जमिनीवरच्या डागांकडे जाते. पण त्यांनी पाठवलेला तीन आसनी सोफा मोठ्या शहरी फ्लॅटच्या मापाचा होता. आमच्या दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये तो ठेवल्यावर स्वयंपाकघराकडे जाण्याची वाट इतकी अरुंद झाली की दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला थांबावे लागे. आम्ही तो परत पाठवला आणि मावशीचाच दिवाण नवी चादर आणि दोन लोड घालून ठेवला. शयनकक्षातील पलंग आणि छोटे जेवणाचे टेबल या दोन वस्तू मात्र उपयोगी ठरल्या. अट अशी होती की भाडे पूर्ण महिन्याचेच घेतले जाते आणि एक दिवस जास्त झाला तरी पुढच्या महिन्याचे द्यावे लागते. घर विकायला किती वेळ लागेल हे कोणाच्या हातात नसताना ही अट ग्राहकाला जाचक आहे. भिंतीवर टांगण्यासाठी आलेली पॅरिसच्या मनोऱ्याची चित्रे मी भिंतीला टेकवूनच ठेवली. डोंबिवलीच्या घरात ती कोणासाठी होती हे कळले नाही.

याच संदर्भात देवघराचा विषय निघाला. घर विकताना राहणाऱ्याच्या व्यक्तिगत खुणा पुसून टाकाव्यात हा अमेरिकेतून आलेल्या या व्यवसायाचा पाठ आहे, आणि त्यानुसार देवघरही काढावे असे त्यांचे मत होते. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, यांचा चंदनी हार घातलेला फोटो काढावा हे मला तत्काळ मान्य झाले, कारण घर पाहायला आलेली माणसे त्या फोटोसमोर गप्प होतात आणि पुढचा प्रश्न ‘कधी झाले’ असाच येतो. देवघराचे मात्र तसे नाही. आपल्याकडे घर घेणारे कुटुंब देव कुठे ठेवता येतील हे पाहतेच, आणि बरेच जण दिशाही विचारतात. देव मावशीसोबत नाशिकला गेले होते. तो कोनाडा आम्ही स्वच्छ करून, एक समई ठेवून तसाच दाखवला आणि पाहायला आलेल्यांपैकी वडीलधाऱ्यांची नजर तिथे हमखास थांबली. पुस्तकी नियम स्थानिक माणसांना लावताना थोडा विवेक हवा होता.

छायाचित्रांचा दर्जा तांत्रिकदृष्ट्या चांगला होता. सकाळच्या उजेडात, सर्व दिवे लावून, कमरेच्या उंचीवरून काढलेली चित्रे आम्ही फोनवर काढलेल्या चित्रांपेक्षा निर्विवाद सरस होती, आणि एजंटाने ती जाहिरातीत टाकल्यावर चौकशा वाढल्या. पण हॉलच्या दोन चित्रांत रुंद भिंगाचा अतिरेक झाला होता. त्यात हॉल एखाद्या सभागृहासारखा दिसे, आणि तो पाहून आलेले एक जोडपे उंबरठ्यावरूनच ‘फोटोत मोठा वाटला होता’ म्हणाले. ती दोन चित्रे आम्ही काढून टाकली आणि सदनिकेचे कार्पेट क्षेत्रफळ जाहिरातीत ठळकपणे लिहायला सांगितले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, हेही लिहिले. चौकशा थोड्या घटल्या, पण ज्या आल्या त्या विचार करून आलेल्या होत्या.

सेवेच्या यादीत जिन्याचा उल्लेख नव्हता, ही मला मोठी उणीव वाटते. तीन मजले पायी चढून येणारा माणूस आमच्या दारापर्यंत पोहोचतो तेव्हा त्याचे अर्धे मत झालेले असते. कोपऱ्यांतील पानाच्या पिचकाऱ्या, बंद पडलेला दिवा, दारांसमोर पसरलेल्या चपला यांची छाप घरातल्या ताज्या रंगाने पुसली जात नाही. संस्थेच्या सचिवांना विचारून आम्ही जिना धुऊन घेतला आणि दोन मजल्यांवरचे दिवे बदलले. याला लागलेली रक्कम किरकोळ होती. पाण्याच्या वेळेचेही तसेच. आमच्या इमारतीत नळाला जोर सकाळीच असतो. म्हणून घर दाखवण्याच्या वेळा शक्यतो रविवारी सकाळच्या ठेवल्या, कारण नळ उघडून न पाहता जाणारा खरेदीदार मी अजून पाहिलेला नाही.

वेळापत्रकाबाबतही सेवेने स्थानिक रीत ध्यानात घ्यायला हवी होती. त्यांनी सामान आणून छायाचित्रे काढण्याची तारीख सुचवली ती नेमकी पितृपक्षाच्या सुरुवातीची. त्या पंधरवड्यात घर बघायलाही अनेक जण बाहेर पडत नाहीत, मग विसार देणे दूरच. आम्ही तो काळ रंग आणि दुरुस्तीसाठी वापरला आणि भाड्याच्या वस्तू घटस्थापनेच्या सुमारास मागवल्या. दसरा, दिवाळी पाडवा, गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया यांच्या मागेपुढे व्यवहार ठरवण्याकडे कल असतो, हे एजंटांना माहीत असते. सजावटीची सेवा देणाऱ्यांना ते एजंटांहून अधिक माहीत असायला हवे, कारण त्यांच्या सामानाचे भाडे महिन्यावर चालते.

खर्चाचा ताळेबंद असा: यादी, देखरेख आणि छायाचित्रे मिळून सेवेचे शुल्क बारा हजार, सफाई आणि किरकोळ दुरुस्त्या सात हजार, रंग साहित्यासह पंधरा हजार, दिवे, बटणे आणि पडदे साडेचार हजार, आणि पलंग-टेबलाचे एका महिन्याचे भाडे साडेतीन हजार. एकूण बेचाळीस हजार. वरच्या मजल्यावरील प्लंबरच्या कामातील आमचा वाटा धरला तर रक्कम मर्यादेला जाऊन टेकली. हा खर्च आयकरात परत मिळेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. घर विकताना दिलेली दलाली भांडवली नफ्यातून वजा होते, परंतु नेहमीची रंगरंगोटी आणि सफाई यांना घराच्या सुधारणेचा खर्च म्हणून सहसा मान्यता मिळत नाही. सेवेच्या माहितीपत्रकात मात्र ‘करबचत’ असा शब्द होता. तो त्यांनी काढून टाकावा.

सजावटीमुळे किंमत किती वाढली हे सांगणे शक्य नाही, कारण तेच घर सजावटीशिवाय पुन्हा विकून पाहता येत नाही. एवढे निश्चित सांगता येते की सफाई आणि रंगापूर्वी एजंटाने आणलेल्या दोन्ही माणसांनी बोलणी ‘एवढे काम काढावे लागेल’ या वाक्याने सुरू केली होती, आणि नंतर हे वाक्य ऐकू आले नाही. ज्या कुटुंबाने शेवटी घर घेतले त्यांनी भाव कमी करून मागितलाच, पण तो लिफ्ट नसल्याच्या मुद्द्यावर, आणि त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. भिंतीची ओल आणि तिची दुरुस्ती त्यांना सांगितलेली होती. त्यांनी वर जाऊन काकूंकडे खात्री करून घेतली आणि तो विषय तिथेच संपला.

पाच पैकी गुण द्यायचे तर पाहणी आणि यादीला पाच, सफाईला साडेचार, रंग व दिव्यांच्या सल्ल्याला चार, छायाचित्रांना साडेतीन, भाड्याच्या सामानाला दोन, आणि ओल झाकण्याच्या सल्ल्याला शून्य. जे स्वतः त्याच गावात राहतात आणि ज्यांच्या ओळखीचा रंगारी, प्लंबर आहे त्यांनी फक्त पहिला प्रकार घ्यावा. बाकीचे सर्व स्वतः करता येते आणि कमी पैशांत होते. पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात राहून शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवून घर विकणाऱ्यांसाठी दुसरा प्रकार वाजवी आहे, कारण रोज कोणीतरी उभे राहून काम करून घेतो याचेच ते पैसे आहेत. तिसरा प्रकार वन बीएचकेसाठी कोणी घेऊ नये. काम देण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: भाडे महिन्यावर न ठेवता आठवड्यावर मोजले जावे, सामानाची मापे आधी कळवली जावीत, आणि छायाचित्रांच्या मूळ प्रती ग्राहकाला मिळाव्यात. शेवटची गोष्ट आम्हाला मागून मागून मिळाली.